स्मृतीच्या चाचणीआधी आईचे कान तपासून घ्या

इंदूरहून आई तुमच्याकडे परदेशात येते, जेवताना भलतंच उत्तर देते, फोनवर नुसती 'हो, हो' करते. घरचे घाबरून तिला थेट स्मृतीच्या चाचणीला नेतात. कृपा करून ही घाई करू नका.

अशा वेळी बऱ्याचदा 30 गुणांची 'मोका' चाचणी घेतात. 26 किंवा जास्त गुण ठीक मानतात. त्यातले 10 गुण सरळ कानांवर अवलंबून असतात: ऐकलेले पाच शब्द थोड्या वेळाने आठवणं 5, वाक्य जसंच्या तसं म्हणणं 2, आकडे सुलटे आणि उलटे म्हणणं 2, ठरलेलं अक्षर ऐकू आलं की हाताने थाप मारणं 1. जो शब्द कानात शिरलाच नाही, तो आठवणार कुठून?

वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, ख निसटतात, स्वर तेवढे उरतात. मग 'सात' की 'आठ' हे कळत नाही. ओरडून बोललं तरी नुसता आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. समोर बसलेल्याचे ओठ बघून आई निभावून नेते. डॉक्टरांनी मास्क लावला किंवा दुभाषा फोनवर असला की तोही आधार गेला.

तिकीट काढलंत की इंदूरमध्येच, एमवाय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा (ईएनटी) विभागात किंवा जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे, आधी मळ काढून मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. दोन्ही कानांचा आलेख सोबत आणा. तुमच्याकडे स्मृतीच्या चाचणीची वेळ ठरवतानाच कळवा: ऐकू कमी येतं, शांत खोली हवी, दुभाषा समोर बसलेला हवा, घरातला नको. मोका मराठीतही आहे, ती मागा. इंदूरच्या कित्येक घरांत बोलणं मराठी आणि हिशेब हिंदीत चालतो. आईचं तसं असेल तर तेही आधीच सांगा.

श्रवणयंत्र असेल तर त्या सकाळी नवा सेल घाला. तपकिरी स्टिकरचा 312 नंबरचा असेल तर स्टिकर काढून मिनिटभर हवेत ठेवा, मगच बसवा. यंत्राच्या टोकाला मळ अडकलाय का पाहा. यंत्र नवंकोरं असेल तर कानाला सवय व्हायला काही आठवडे द्या, चाचणी पुढे ढकला. शब्दांचा सराव मात्र घरी अजिबात घेऊ नका, निकालच खोटा पडतो.

'ऐकू कमी येतं, यंत्र लावून चाचणी घेतली' हे रिपोर्टवर लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षीचे गुण कशाशी ताडून बघणार?