संगीत नाटकांचे पदकार गेले. अंबाजोगाईतल्या शोकसभेत त्यांचीच पदं म्हटली तर चालेल का?
चालेल, आणि खरं सांगू का, दहा भाषणांपेक्षा तेच बरं. २६ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकी संगीत नाटकांचे गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाईम गेले, तेव्हा दोनच दिवसांनी ब्रॉडवेची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीची, कलाकार मंडळी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जमून त्यांचंच ‘संडे’ हे गाणं गायली. मी आपल्याकडं अशा सभांना पेटीवर बसतो. लोक चाल गुणगुणतात, शब्दांवर मात्र अडखळतात. म्हणून पद आधी नुसतं वाचून दाखवा, मग गा. पेटी एकटी पुरते. फक्त नांदी नको, ती नाटकाच्या आरंभीची. भैरवीतलं पद असेल तर शेवटी घ्या. आणि चाल दुसऱ्याची असेल तर त्यांचंही नाव घ्या, ते हमखास राहतं.