कावळा बसला म्हणून फांदी तुटली का?

प्रश्न : ताई, आम्ही शिंदखेडा तालुक्यातले. घरचा कापूस आहे, मी बी.एस्सी.ला आहे. रात्री जेवणं झाली की ओट्यावर माझी आणि मोठ्या काकांची, म्हणजे आमच्या जिभाऊंची जुंपते. परवा ते म्हणाले, "गेल्या साली अमावस्येनंतर फवारलं आणि बोंडअळी गेली. अमावस्या चुकवायची नाही." मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. तर म्हणे, "दोन बुकं शिकनी म्हनीसन माले शिकाडस का? कधी पाठीवर पंप घेतला?" मी म्हटलं, आधी अळी आहे का ते बघून फवारा. त्यावर, "मग फवारूच नको का? मरू देऊ कापूस?" सगळे हसले, मी गप्प बसले. काहीतरी चुकतंय हे कळतं, पण बोट ठेवता येत नाही.

उत्तर : शेवटचं आधी घेते, कारण ते सोपं आहे. तू म्हणालीस "बघून फवारा", जिभाऊंनी उत्तर दिलं "फवारूच नका"ला. बोलणाऱ्याच्या शब्दांना वेगळाच अर्थ चिकटवून तो खोडायचा, याला न्यायसूत्रांत छल म्हटलंय. त्यावरच्या भाष्यातला जुना दाखला 'नवकंबल' शब्दाचा. एकजण म्हणतो, या मुलाकडे नवं कांबळं आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे, एकच तर दिसतंय! अशा वेळी चिडू नकोस. "जिभाऊ, मी 'बघून' म्हटलं," एवढंच पुन्हा म्हण.

पाठीवरच्या पंपाचं मात्र नीट तोलून बघ. पंप घेतलेले दोन शेतकरी एकाच बांधावर उभे राहून दोन उलट गोष्टी सांगतात, म्हणजे नुसत्या पंपाने कुणाचंच म्हणणं खरं ठरत नाही. पण चाळीस वर्षं शेतात पाहिलेलं हा पुरावाच असतो. तेव्हा "तुम्हाला काय कळतं" असं उलटून म्हणू नकोस. तीच चूक होईल. "तुम्ही काय काय पाहिलंत, सांगा," असं विचार.

आता अमावस्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपण सगळेच म्हणतो, आणि स्वतःच्या बाबतीत सगळेच विसरतो. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली जिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, त्या अमळनेरात मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत होते. फळ्यावर चार घरं आखायची : फवारलं, अळी गेली; फवारलं, गेली नाही; फवारलं नाही, तरी गेली; फवारलं नाही, राहिली. मुलांना म्हणायची, घरी विचारून प्रत्येक घरात एकेक गाव लिहा. पहिलं घर दुसऱ्या दिवशी भरून वाहायचं. तिसरं कोरं. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, न फवारता अळी गेली तर ते कोण लक्षात ठेवतं?" मला वर्षभर जे सांगायचं होतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. जिभाऊंना ही चार घरं विचार. त्या साली शेजारच्या न फवारलेल्या शेतात काय झालं? पाऊस कसा होता?

पण पोरी, इथे तुझंही चुकलंय, आणि ते मला जास्त लागलं. जिभाऊंचं कारण लंगडं निघालं म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. अंधाऱ्या रात्री बोंडअळीच्या पतंगांचा वावर आणि अंडी घालणं वाढतं, असं कीटकांचे जाणकारही सांगतात. अमावस्येच्या सुमारास कापसावर नजर ठेवा, हा सल्ला त्यातूनच येतो. तू ते तपासलंच नाहीस. 'अमावस्या' शब्द ऐकला आणि शिक्का मारलास. जिभाऊंनी तुझं शिक्षण काढलं, तू त्यांची श्रद्धा काढलीस. बोंडात अळी आहे का, हे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

ते बघण्याची रीत ठरलेली आहे. मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रात्रीला आठ नर पतंग, असे सलग तीन रात्री सापडले, की गुलाबी बोंडअळी नुकसानीच्या पातळीला पोचली असं धरतात. सापळा नसेल तर शेतभर फिरून वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडायची. दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. फुलं असतील तर डोमकळी शोध. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या दिसतात.

बोंडं तू एकटीने आणू नकोस. कुठल्या झाडाची तोडायची ते जिभाऊंनाच ठरवू दे, त्यांची नजर तुझ्याहून तयार आहे. ओट्यावर घमेलं ठेव, दिवा जवळ घे, आणि विळीवर एकेक बोंड त्यांच्यासमोर चीर. मोजणी वहीत लिही, तारखेच्या शेजारी तिथीही टाक. पुढच्या दोन अमावस्यांनंतरची पानं मला पाठव.