ब्रिटनमध्ये वीज आणि गॅस कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या घरचा ऊर्जेचा खर्च कमी करून द्यावा लागत होता. आपल्याकडे अशी सक्ती का नाही?

कागदावर थोडीफार आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० सालीच मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे गिऱ्हाइकाचा वीजवापर आटोक्यात ठेवायचे, विनियम काढले. वितरण कंपनीने वेगळा कक्ष ठेवायचा, कोण कधी किती वीज ओढतो ते तपासायचं, योजना आखून आयोगाची मंजुरी घ्यायची. ब्रिटनमध्ये २०१३ पासून मोठ्या कंपन्यांवर जी सक्ती आली तिच्यात नेमून दिलेलं काम लोकांच्या घरात करूनच दाखवावं लागायचं, नाहीतर दंड. तसा चाप आपल्या २०१० च्या विनियमांत नव्हता.

आता पंख्याचं सांगतो, कारण माझं यवतमाळ जिल्ह्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि आमच्या मोठ्या भावाशी याच विषयावर माझं वाजलेलं आहे.

भाऊ गावी राहतात. टिनाचं घर. मे महिन्याचं बिल आलं की दरवर्षी एकच पालुपद: "मीटर पळून राहिलं बे!" मी म्हणायचो, भाऊ, मीटर नाही, तुमचा पंखा पळतो. दोनदा रिवाइंड झालेला जुना पंखा, तोही कुठल्यातरी बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेने भरलेला. वर कूलरची मोटार. शेवटी त्यांनी फी भरून मीटर तपासून घेतलं. मीटर बरोबर निघालं, तर म्हणाले तपासणारेही कंपनीचेच. मग मी टोंग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र, घेऊन गेलो आणि वहिनींसमोर एकेक वस्तू लावून दाखवली. वहिनींना लगेच पटलं. भाऊ चहा प्यायला बाहेर गेले.

हिशेब साधा आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास ओढतो, बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा नव्या मोटारीचा पंखा, ३० च्या आसपास. उन्हाळ्यात पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटचा फरक. शंभरच्या वरच्या युनिटचा दर एकदम चढतो, आणि टिनाखालच्या घराला कूलर शंभरच्या पार नेतोच. म्हणजे वाचलेले वीस युनिट हे महागातलेच असतात. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यावर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते दुकानात बघून तरी घ्या.

पण बीएलडीसी पंखा अडीच-तीन हजारांचा, आणि मे महिन्यात शेतकऱ्याच्या हातातला पैसा बियाण्या-खताला जातो. तो दोनशे-तीनशे देऊन माझ्याकडे रिवाइंड करून नेतो. म्हणून माझं सरळ मत आहे की पंखा कंपनीने द्यावा आणि बिलातून हप्त्याने कापावा. बल्बांचं करून दाखवलंच की. २०२१ मध्ये ग्राम उजालाच्या पहिल्या टप्प्यात नागपूर जिल्हा होता, जुना पिवळा बल्ब द्या आणि दहा रुपयांत एलईडी न्या. पण ती सरकारी कंपनीची योजना, वितरण कंपनीची जबाबदारी नव्हे. शिवाय आपल्याकडे खरी वीज बल्ब नाही, उन्हाळा खातो. ब्रिटनमध्ये भिंती ऊब धरायला बांधतात, आपल्याला छत थंड हवं. टिनावर पांढरा चुना मारायचं कामही अशा योजनेत धरलं पाहिजे.

दोन गोष्टी राहिल्या. एक, सक्ती म्हणजे सगळं सुरळीत असं समजू नका. ब्रिटनच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २०२५ मध्ये सांगितलं की अशा योजनांतून बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरणारं अस्तर, केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागणार आहे. आणि सगळा खर्च शेवटी लोकांच्या बिलातच येतो, तिथे आला आणि इथेही येईल. दुसरं, बीएलडीसीचा बोर्ड व्होल्टेज फार वरखाली झालं की उडू शकतो आणि खेड्यात तो दुरुस्त करणारा सहसा मिळत नाही, तेव्हा गॅरंटीचं कार्ड जपून ठेवा. तरी जुना पंखा बदला, हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात सांगतोय.

मीटर तपासणीचा अर्ज करायच्या आधी घरातलं सगळं बंद करून मीटरचा दिवा लुकलुकतो का ते बघा. नसेल लुकलुकत, तर एकेक वस्तू चालू करत जा आणि कशाने दिवा भरभर लुकलुकतो ते बघा. आमच्या भावांनी शेवटी पंखा बदलला. पुढच्या महिन्यात बिल उतरलं, तर म्हणतात यंदा पाऊस लवकर आला.