टोमॅटोची जिवाणू मर: तपासणीच्या कागदावरून काय ठरवायचं?

प्रश्न (कडोली, ता. बेळगाव): टोमॅटोची हिरवीगार झाडं दुपारी माना टाकतात आणि चार-पाच दिवसांत जातात. बुरशीनाशकाने फरक पडला नाही. तपासणीत 'ग्रॅम-निगेटिव्ह, दंडाकार, राल्स्टोनिया सोलॅनासिॲरम' असं आलंय. शेजारच्या कोबीवरही जिवाणूच आहे म्हणतात. दोन्हीला एकच औषध चालेल का?

उत्तर: बुरशीनाशकाने फरक पडणारच नव्हता, दुकानदार काहीही म्हणो. राल्स्टोनिया हा जिवाणू मुळांच्या जखमेतून शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका चिकट द्रवाने बुजवतो. म्हणून पान पिवळं न पडता झाड सुकतं. पुढच्या वेळी घरीच पाहा: बुडाजवळचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात अर्धा बुडेल असा धरा. काही मिनिटांत दुधाळ धार खाली उतरली की जिवाणू मर समजा. बुरशीच्या मरीत धार सुटत नाही.

आता कागदावरचे शब्द. दंडाकार हा आकार. पिकांवरचे बहुतेक रोगकारक जिवाणू तसेच असतात. डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी 1884 मध्ये जिवाणू ओळखायची रंगाची पद्धत दिली. जाड भित्तिकेचा जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतो, तो पॉझिटिव्ह. ज्याचा रंग धुऊन जातो तो निगेटिव्ह. चिकोडी-निपाणीकडे उसाचा खोडवा खुजा राहतो, त्या रोगाचा जिवाणू पॉझिटिव्ह. पण तुमच्या शेताचा निर्णय यावर होत नाही, नावावर होतो.

कोबीच्या पानाच्या कडेपासून आत निमुळता पिवळा डाग आणि काळ्या शिरा असतील, तर तो झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस. या जातीचे पिकांनुसार उपप्रकार आहेत. कोबीवरचा कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीवरच जातो आणि मुख्यतः बियाण्यातून येतो. त्यामुळे बी 50 अंश सेल्सिअस पाण्यात 25 मिनिटं ठेवून मगच रोप टाकावं. राल्स्टोनियाचं तसं नाही. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची, तंबाखू, आलं, त्याला सगळं चालतं, आणि तो जमिनीत टिकतो. टोमॅटोमागून बटाटा लावलात तर त्याला आयतं जेवण.

लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. त्या रानात दोन-तीन वर्षं मका, जोंधळा किंवा पाणी असेल तर भात घ्या. टोमॅटोच हवा असेल तर बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक' या मर सोसणाऱ्या वाणाची चौकशी रयत संपर्क केंद्रात करा. मेलेली झाडं मातीसकट उपटून जाळा, ओढ्यात टाकू नका. त्या वाफ्याचं पाणी खालच्या शेतात सोडू नका, आणि तिथली कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका.