सीएसएमटीवर प्रबंध: आधी वर्षं शेजारी मांडा, मग नावं लिहा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. आर्किटेक्चरच्या प्रबंधासाठी सीएसएमटी घेतलंय, ‘किपलिंग आणि जे.जे.चे विद्यार्थी’ हे प्रकरण (किपलिंग म्हणजे मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले शिक्षक) जवळपास लिहून झालंय पण वर्षं कुठेतरी जुळत नाहीत, आणि जुन्या नकाशांसाठी एका कार्यालयात दोन महिने खेपा चालल्यात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८५३ ची ठाण्याची गाडी, वास्तुकार स्टीव्हन्स, व्हेनेशियन गॉथिक ही बांधणीची शैली, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली २००४ ची नोंद हे सगळं तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

ते किपलिंगचं प्रकरण आजच बाजूला ठेवा. लॉकवुड किपलिंग १८७५ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले. बोरीबंदरच्या ह्या इमारतीचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. तुमची वर्षं जुळत नाहीत ती इथेच. मी ह्याच विषयावर अठ्ठावीस पानं लिहिली होती. त्यांच्या देखरेखीखाली मुलांनी दगड कसा घडवला, ते काय शिकवत, सगळं अगदी मन लावून. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे प्रकरण चाळलं, एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, “किपलिंग मुंबईतून कधी गेले? काम कधी सुरू झालं? दोन्ही वर्षं शेजारी लिही.” लिहिली. माझ्याच प्रबंधात ती दोन्ही वर्षं होती, फक्त वेगवेगळ्या प्रकरणांत. अख्खं प्रकरण गेलं आणि त्या जागी नवं लिहायला मला अकरा दिवस मिळाले. त्या अकरा दिवसांचा ताण मला आजही आठवतो, तो तुमच्या वाट्याला येऊ नये.

हा घोळ होतो कसा, तेही सांगते. क्रॉफर्ड मार्केट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याच्या दारावरची शिल्पं खरोखरच किपलिंग यांची आहेत. काळ साधारण तोच, कलाशाळा तीच. एकाने दोन्ही जोडलं आणि पुढचे उतरवत गेले.

स्टेशनच्या वेळी कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स होते. नक्षीचं काम विद्यार्थ्यांनी केलं ते त्यांच्या हाताखाली. ह्याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. म्हणजे एकीकडे ही शाळा अजिंठ्याच्या भिंती रंगात उतरवत होती आणि त्यातल्याच काही वर्षांत बोरीबंदरला पानं-पक्षी दगडात कोरत होती. मला विचाराल तर किपलिंगपेक्षा हे प्रकरण कितीतरी मोठं आहे आणि ते नीट लिहिलं जायला हवं. (एकाच मुलाने दोन्हीकडे काम केलं, असं मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. शाळा एक होती, एवढंच म्हणा.)

दुसरी चूक पहिलीला चिकटूनच येते. ‘सगळी शिल्पं जे.जे.ची’ असं सरसकट लिहू नका. घुमटावरची हातात मशाल धरलेली ‘प्रगती’ थॉमस अर्प ह्या इंग्रज शिल्पकाराची आहे. मोठ्या मानवाकृती वेगळ्या हातांच्या आणि नक्षी वेगळ्या हातांची, असे दोन रकाने करूनच पुढे जा.

आणि अख्खी इमारत घेऊ नका. ह्यावर माझं मत ठाम आहे, तुमच्या गाइडचं वेगळं असेल तर त्यांचं ऐका. मी शेवटी तिकीटघराच्या दालनातलं एकच स्तंभशीर्ष, म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा कोरीव भाग, घेतलं. लांबून नुसती पानांची गर्दी दिसते. जवळ जाऊन पाहिलं तर एका पानामागे छिन्नी इतकी आत गेलेली की माझ्या बोटाचं पेर आत मावत होतं, आणि शेजारच्या पानाची शीर मध्येच थोडी वाकडी झालेली. कुणाचा तरी हात तिथे हलला होता. मागे लोकलची घोषणा चालू, माणसं धावतायत, आणि मी त्या शिरेवर पेन्सिल धरून उभी. प्रबंधातली सर्वांत चांगली शीट तीच झाली.

आता कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही. मी अर्जात ‘इमारतीची सर्व जुनी रेखाटनं पाहायला मिळावीत’ असं लिहिलं होतं. ‘सर्व’ ह्या शब्दामुळे तो अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, कारण सगळ्याची जबाबदारी कुणा एकाची नव्हती. सात खेपांनंतर कळलं की अर्जाला आवक क्रमांकच पडलेला नव्हता. कॉलेजच्या वेळा सांभाळून, लोकलने दीड तास लोंबकळत येणाऱ्या मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगायला कुणाचं काय जात होतं? असो. अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, आणि एकच भाग, एकच काळ मागा. हा माझा वीस वर्षांपूर्वीचा अनुभव आहे, नियम बदललेले असतील. आत मोजमापं आणि फोटो घेण्याची परवानगीही नव्याने विचारून घ्या.

सुचेल तसं आणखी थोडं. १८८७ की १८८८, हा वाद घालत बसू नका: व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव दिलं ते १८८७ मध्ये, काम पुरं झालं १८८८ मध्ये. दोन्ही लिहा, कशाचं कोणतं ते सांगून. घड्याळाखालचा रिकामा कोनाडा रेखाटायला विसरू नका, तिथे राणीचा पुतळा होता. दर्शनी भिंतीवरच्या गोलाकार उठावचित्रांत जगन्नाथ शंकरशेट आहेत, ते शोधा. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. दोन्ही घुमट एकाच दिवशी काढून पाहा, हात कसा सैलावलाय ते कळेल.

दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, तेव्हा सकाळी जाऊन कॅमेरा काढू नका. चारनंतर उन्हं तिरपी झाली की मालाडचा पिवळा दगड उजळतो आणि प्रत्येक पानाची सावली वेगळी दिसते. आणि ग्रिफिथ्स यांच्यावरचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देईन.