नाशिकमधल्या बेदाण्याच्या दुकानाच्या ऑर्डरी आणि हिशेब शीटमधल्या एआय फॉर्म्युल्यावर सोडता येतील का?

ऑर्डरींची वर्गवारी खुशाल सोडा, पैशांचा हिशेब अजिबात सोडू नका. गूगल शीट्समधलं एआय फंक्शन काय किंवा एक्सेलमधलं कोपायलट काय, अवतरणचिन्हांत सूचना लिहायची आणि पुढे सेल द्यायचा, की ते मजकूर वाचून उत्तर देतं. समजा ए२ मध्ये मेसेज आहे, 'दादा, पंचवटीत ५ किलो हिरवा बेदाणा पाठवा, मागच्या वेळी काड्या फार होत्या.' सूचना द्या: 'एकाच शब्दात सांग: ऑर्डर, तक्रार, चौकशी की दोन्ही (ऑर्डर आणि तक्रार).' 'दोन्ही' हा पर्याय ठेवाच, नाहीतर काड्यांची तक्रार ऑर्डरीखाली दबून जाते आणि गिऱ्हाईक तुटतं. मेसेजमधलं वजन आणि शहरातला भाग वेगळ्या कॉलममध्ये काढायलाही हे उत्तम. उधारी, जीएसटी, बेरीज यांना मात्र सम (SUM) आणि समइफ (SUMIF) हे नेहमीचे फॉर्म्युले. तीच सूचना पुन्हा चालली की उत्तर बदलू शकतं; अचूकता हवी तिथे साधेच फॉर्म्युले वापरा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेही सांगितलंय. म्हणून आलेली उत्तरं एकदा डोळ्यांखालून घालून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, म्हणजे फॉर्म्युला जाऊन उत्तर तेवढं राहतं. मात्र ही सोय सगळ्याच खात्यांवर नसते, आधी आपला प्लॅन तपासा.