करार मान्य करा, असे व्यवस्थापनच का सांगते?

प्रश्न : अमेरिकन एअरलाइन्सच्या व्यवस्थापनाने २०२३ मध्ये वैमानिकांना नवा वेतनकरार मान्य करण्याचे आवाहन केले होते. मतदान वैमानिकांचे, मग व्यवस्थापनाला त्याची एवढी काळजी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाटाघाटीत ठरलेला मसुदा वैमानिक संघटनेच्या सभासदांनी मतदानाने स्वीकारल्याखेरीज करार होत नाही, आणि हा कौल गृहीत धरता येत नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २०२२ मध्ये असा मसुदा ९४ टक्के मतांनी फेटाळला होता. पुढे जुलै २०२३ मध्ये युनायटेडने अधिक चांगला प्रस्ताव दिला, तेव्हा अमेरिकनच्या वैमानिकांना आपला मसुदा तोकडा वाटू लागला.

तेथील वैमानिकाचा पगार मुख्यतः तासांवर ठरतो, आणि हा तास विमान जागेवरून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर थांबेपर्यंत मोजतात. त्यामुळे दरातला थोडा फरकही वर्षाअखेरीस फार जाणवतो. शिवाय विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्यानुसार कराराची मुदत उलटली तरी जुन्याच अटी चालू राहतात, म्हणजे नकार दिल्यास जुन्या पगारावर थांबणे आले. व्यवस्थापनाने केवळ या विलंबाचीच भीती घातली, तर ते आवाहन न राहता दडपण ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे मात्र मुख्याधिकारी रॉबर्ट आयसम यांनी पगाराचे दर युनायटेडइतके करण्याची तयारी दाखवली, आणि ऑगस्टमध्ये ७३ टक्के मतदारांनी होकार दिला.